चोलूब चकोन: शब्द लपवणाऱ्या बोलींचं व्याकरण

चोलूब चकोन.

लहानपणी चची भाषा बोललेल्यांना ही ताकीद वाचताक्षणी कळली असेल. बाकीच्यांसाठी सांगते: 'बोलू नको' एवढंच म्हटलं आहे. शब्दातलं पहिलं व्यंजन काढायचं, त्याच्या जागी च बसवायचा आणि काढलेलं व्यंजन शब्दाच्या शेपटाला नेऊन जोडायचं. 'बो'मधला ब गेला, ओकार जागेवर राहिला, च आला, झालं 'चो'. मग 'लू', आणि शेवटी हद्दपार झालेला ब. याच हिशोबानं कुठे म्हणजे चुठेक, गुपित म्हणजे चुपितग. नियम एका वाक्यात मावतो. तरीही दोन सराईत माणसं या भाषेत बोलायला लागली की मध्ये बसलेल्या तिसऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही, आणि तेही स्वतःच्या मातृभाषेतलं.

अशा बोलींना भाषाशास्त्रात नाव आहे. ऑस्ट्रेलियन भाषाशास्त्रज्ञ डॉन लेकॉक यांनी १९७२ साली त्यांची वर्गवारी मांडताना 'लुडलिंग' हा शब्द वापरला. लॅटिनमध्ये लुडस म्हणजे खेळ आणि लिंग्वा म्हणजे जीभ, भाषा. शब्दात काहीतरी घुसवणं, त्याचे तुकडे हलवणं, ते उलटे लावणं, एका आवाजाच्या जागी दुसरा आणणं, असे या खेळांचे प्रकार. चची भाषा त्यातली दोन कामं एकदम करते, म्हणून ती जरा बाजूला ठेवू आणि आधी सोपा प्रकार घेऊ: शब्दात भर घालण्याचा.

सोपा म्हटलं खरं. पण भर कुठे घालायची हे ठरवण्यासाठी आधी शब्द कुठे उघडतो हे माहीत असावं लागतं. ते आपल्याला कुणीच शिकवलेलं नसतं, आणि तरी येत असतं. या खेळांबद्दल मला सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटत आलं आहे.

शब्द कुठे उघडतो

नियम असा घ्या: प्रत्येक स्वर उच्चारून झाला की प म्हणायचा आणि त्या प-ला तोच स्वर पुन्हा लावायचा. पाणी होईल पापाणीपी. 'मी उद्या येते' होईल 'मीपी उपुद्यापा येपेतेपे'. हा नियम मी मराठी शब्दांना लावून दाखवला, पण तो स्पॅनिश मुलांचा आहे. 'कासा' म्हणजे घर, त्याचं ते 'कापासापा' करतात, आणि कार्लोस नावाच्या मुलाला 'कापार्लोपोस' अशी हाक मारतात. या बोलीला तिकडे हेरिंगोन्सा म्हणतात. पोर्तुगीजमध्येही घुसखोर प-च आहे आणि बोलीचं नावसुद्धा सरळ 'पची भाषा' असंच आहे.

जर्मन मुलं प-ऐवजी ब घेतात, म्हणून डॉइचचं डॉइबॉइच होतं. तुर्कीत ग आहे: 'बेन' म्हणजे मी, त्याचं 'बेगेन'. हंगेरियनमध्ये व. गंमत म्हणजे तुर्क आणि हंगेरियन या दोघांनीही आपापल्या बोलीचं नाव 'पक्ष्यांची भाषा' असं ठेवलं आहे. दुरून ऐकलं तर ती खरोखर किलबिल वाटते. फारसीत झ घुसतो आणि सलामचा सझलाझाम होतो. त्या बोलीला ज़रगरी म्हणतात, म्हणजे सोनारांची. स्वीडनमधला खेळ थोडा वेगळा: तिथे स्वरांना हात लावत नाहीत, प्रत्येक व्यंजन दोनदा म्हणतात आणि मध्ये ओ घालतात. 'हेय' हा नमस्कार 'होहेयोय' होतो. तिचं नाव दरोडेखोरांची भाषा, आणि आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या मुलांसाठीच्या गुप्तहेर कथांमुळे ती घराघरांत पोचली.

पक्षी, सोनार, दरोडेखोर. नावं निरनिराळी, पण स्वीडिश बोली सोडली तर बाकी सगळ्यांचा सांगाडा एकच आहे: स्वर, मग एक ठरलेलं व्यंजन, मग तोच स्वर पुन्हा. फक्त किल्ली बदलते.

आता कार्लोसकडे परत बघा. 'कार' या तुकड्याचं 'कापार' झालं; 'कारपा' झालं नाही. भर तुकड्याच्या शेवटी पडली नाही, स्वराला चिकटून पडली, आणि शेवटचा र मागे सरकून नव्या तुकड्याला जाऊन मिळाला. मराठीतही तसंच करावंसं वाटतं. 'दार' म्हणून बघा: दापार. 'दारपा' म्हटलं तर चुकल्यासारखं वाटतं, ठेका मोडतो. यावरून कळतं की शब्द कापायची सोयीची जागा म्हणून आपला मेंदू स्वर हेरतो. उच्चाराचा प्रत्येक तुकडा एका स्वराभोवती बांधलेला असतो. व्यंजनं त्याच्या अलीकडे-पलीकडे उभी असतात. दोन स्वर म्हणजे दोन तुकडे, तीन म्हणजे तीन. जर्मन मुलाचं डॉइबॉइच हेच सांगतं: 'ऑइ' हा त्याच्या दृष्टीनं एकच स्वर आहे, नाहीतर त्यानं ऑ आणि इ यांच्यामध्ये ब घातला असता. मराठीत मैत्री म्हणजे मैपैत्रीपी, ऐ एकसंध. पण भाऊ म्हणजे भापाऊपू, कारण तिथे आ आणि ऊ वेगळे मोजले जातात.

दुसऱ्या घराण्याच्या बोली स्वराच्या नंतर कापत नाहीत, त्याच्या आधी कापतात. फ्रेंचमध्ये 'जाव्हाने' नावाची एक बोली एकोणिसाव्या शतकापासून आहे. व्यंजन आणि स्वर यांच्या मधोमध 'अव' सारायचं, की बोंझूरचं बव्होंझव्हूर होतं. इंग्रजी मुलांची 'उबी डबी' हेच काम 'अब' घालून करते. मराठी शब्दाला फ्रेंच नियम लावला तर पाणी होईल पवाणवी: प, मग अव, मग आ, ण, मग अव, मग ई.

हे म्हणायला जड जातं, आणि त्याला कारण आहे. आपल्या लिपीत 'पा' हा एकच ठोकळा आहे. काना प-ला चिकटलेला असतो. त्या ठोकळ्याच्या पोटात शिरून प आणि आ वेगळे करायचे, मध्ये पाहुणा बसवायचा आणि पुन्हा ठोकळा बांधायचा, हे काम कागदावर दिसतं त्यापेक्षा खोल आहे.

घरची गोष्ट

आता मला ज्याच्यात सर्वांत जास्त रस आहे तिकडे येते. 'घर' या शब्दाला प-चा नियम लावा. कागद-पेन न घेता, पटकन, मोठ्यानं.

काही जण 'घपर' म्हणतील. काही जण 'घपरप' म्हणतील.

दोन्ही उत्तरांमागे पक्कं तर्कशास्त्र आहे. आपण लिहितो घ आणि र, दोन अक्षरं, दोन्ही अकारान्त. बोलताना मात्र शेवटचा अ गळतो. आपण 'घर्' म्हणतो, एका झटक्यात, एकाच स्वराभोवती. ज्याच्या डोक्यात कानानं ऐकलेला शब्द आहे तो एकच स्वर मोजतो आणि एकदाच प घालतो: घपर. ज्याच्या डोळ्यांपुढे लिहिलेला शब्द उभा राहतो तो दोन अक्षरं मोजतो आणि दोनदा घालतो: घपरप. मोठ्या शब्दात फरक आणखी रुंदावतो. 'करवत' लिहिताना चार अक्षरं, बोलताना दोनच तुकडे, कर्-वत्. कानवाला म्हणेल कपर्वपत. डोळेवाला म्हणेल कपरपवपतप.

मराठी 'अक्षर' या शब्दाचे दोन अर्थ आपण एरवी बिनदिक्कत एकमेकांत मिसळतो. एक म्हणजे पाटीवरची खूण, दुसरा म्हणजे तोंडातून एका दमात निघणारा तुकडा. लिपी उच्चारानुसार आहे असं आपण अभिमानानं म्हणतो, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण त्या दोन अर्थांमध्ये कुठे फट आहे हे हा पोरखेळ पाच सेकंदांत दाखवून देतो. दोन मैत्रिणी एकमेकींना घपर आणि घपरप म्हणत राहिल्या तर त्यांना एकमेकींचं कळेल, पण बोलण्याचा वेग येणार नाही. म्हणून खेळणाऱ्या गटात यावर लवकरच एकमत होतं. कोणी चर्चा करत नाही, कोणी ठराव मांडत नाही. जो जास्त भरभर बोलतो त्याचं उच्चारण बाकीचे उचलतात.

भर घालण्याची आणखी एक अडचण अशी की कधीकधी वेश पालटलेला शब्द दुसऱ्याच खऱ्या शब्दासारखा दिसतो. 'का?' विचारायला जावं तर 'कापा' होतं. हंगेरियनमधलं उदाहरण तर अप्रतिम आहे: 'ते' म्हणजे तू, त्यात व घातला की 'तेवे', आणि हंगेरियनमध्ये तेवे म्हणजे उंट. सराईत खेळाडू अशा ठिकाणी अडखळत नाहीत. आजूबाजूचे सगळे शब्द वेशात असताना हा एकटाच उघडा फिरत असेल असं त्यांना वाटतच नाही.

ऐकणाऱ्याचं काय होतं

एवढ्या साध्या नियमानं माणूस बहिरा कसा होतो? गुपित म्हणून बघितलं तर या बोली फार कच्च्या आहेत. आपल्याकडे व्यंजनं तीस-पस्तीस, भर घालायच्या जागा दोन-तीन. कागदावर लिहून दिलेलं वाक्य कोणीही थोड्या वेळात सोडवेल. पण बोलणं कागदावर थांबून राहत नाही.

आपण शब्द पूर्ण ऐकून मग ओळखत नाही. तो अर्धा बोलून होतो तोवरच अंदाज बांधायला सुरुवात झालेली असते. विल्यम मार्सलेन-विल्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना कानावर पडणारं बोलणं त्याच वेळी मोठ्यानं म्हणत जायला सांगितलं होतं. काही जण मूळ आवाजाच्या फक्त पाव सेकंद मागे राहून ते जसंच्या तसं म्हणत होते, आणि तेही अर्थ समजून घेत. म्हणजे शब्दाची सुरुवात कानावर पडते न पडते तोच मेंदू उमेदवार गोळा करतो. 'दा' ऐकलं की दार, दात, दादा, दाणा उभे राहतात. पुढे 'पा' आलं की सगळे बाद. मेंदू नवे उमेदवार शोधायला लागतो, तोवर 'र' येऊन शब्द संपलेला असतो आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर दारात उभं असतं.

त्यातच शब्द कुठे संपतो हेही कळेनासं होतं. बोलताना शब्दांमध्ये रिकाम्या जागा नसतात. ओळखीच्या शब्दांमुळे त्या आहेत असं आपल्याला वाटतं, इतकंच. परकी भाषा एक सलग धार वाटते ती यामुळेच. वेश पालटलेली स्वतःची भाषाही तशीच सलग होते. शिवाय दर दुसऱ्या तुकड्यात तोच तो प आपटत राहतो आणि लक्ष नेमकं त्याच्याकडे जातं. वाक्य दुप्पट लांब झालेलं असतं आणि सराईत लोक ते भरून काढायला आणखी वेगानं बोलतात.

मग सराईतांना कसं कळतं? ते दर वेळी शब्द सोलून आतला गर काढत बसत नाहीत. चार-सहा आठवडे रोज बोललं की तोच तो स्वर पुन्हा येणार हे कानाला आधीच माहीत असतं आणि तो आपोआप गाळला जातो. पुन्हा तोच स्वर वापरण्याचा मोठा फायदा हा: पाहुणा तुकडा नवीन काहीच सांगत नाही, म्हणून त्याला सोडून देणं सोपं जातं. बोलणाऱ्यालाही तोंडाचा आकार तसाच ठेवून फक्त ओठ एकदा मिटायचे असतात.

कोणाला खेळता येतं

शाळेत जायला लागलेल्या मुलांमध्ये हे खेळ फोफावतात, अगदी लहानांना ते जमत नाहीत. याचं एक कारण १९७४ मधल्या एका अभ्यासात दिसतं. इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या लहान मुलांना शब्द म्हणून त्यात जितके तुकडे तितके ठोके काडीनं टेबलावर मारायला सांगितलं. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना उच्चाराचे तुकडे मोजता आले. पण सुटे आवाज, म्हणजे एकेक स्वर आणि व्यंजन वेगळं मोजणं, एकालाही जमलं नाही. पहिलीच्या मुलांमध्ये हेच प्रमाण तुकड्यांसाठी ९० टक्के आणि सुट्या आवाजांसाठी ७० टक्के होतं.

तुकडा आधी, सुटा आवाज नंतर. मधल्या काळात वाढलेलं वय कारणीभूत की शिकलेलं वाचन? याचं उत्तर मोठ्या माणसांकडून मिळालं. बेल्जियमचे संशोधक जोझे मोराइश आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली पोर्तुगालमधल्या कधीच वाचायला न शिकलेल्या प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचं व्यंजन काढायला किंवा नवं जोडायला सांगितलं. बहुतेकांना ते जमेना. तशाच परिस्थितीतले, पण मोठेपणी साक्षर झालेले लोक ते बऱ्यापैकी करत होते. १९८६ साली चीनमध्येही असंच आढळलं: फक्त चिनी चित्राक्षरं वाचणाऱ्या प्रौढांना व्यंजन सुटं करणं अवघड गेलं, आणि ज्यांनी रोमन लिपीतली उच्चारपद्धती शिकली होती त्यांना सोपं गेलं.

याचा अर्थ प-ची बोली आणि चची बोली यांच्यात एक पायरी आहे. पापाणीपी म्हणायला अख्खे तुकडे ओळखता आले तरी पुरतं. ते काम अक्षरओळख नसलेल्यालाही साधतं. चुपितग म्हणायला 'गु'मधून ग उपटून काढावा लागतो आणि उ मागे ठेवावा लागतो. मला वाटतं, मराठी मुलांना इथे बाराखडी मदतीला येते. ग गा गि गी गु गू घोकताना तोच ग निरनिराळे स्वर अंगावर चढवतो आणि उतरवतो. व्यंजन आणि स्वर वेगवेगळे आहेत हे मूल व्याख्येविना शिकतं. चची भाषा म्हणजे उलट्या दिशेनं म्हटलेली बाराखडीच आहे.

व्यंजनाला बाकीच्या तुकड्यापासून तोडणारी ही रेघ जगभरच्या खेळांत पुन्हा पुन्हा भेटते. बीजिंगमध्ये एकेकाळी बोलल्या जाणाऱ्या एका बोलीत प्रत्येक तुकड्याचे दोन होत. पहिला भाग मूळ व्यंजन घेऊन त्याला 'आय' लावतो, दुसरा क घेऊन त्याला मूळ शेपूट लावतो. 'मा'चं 'माय-का', 'पन'चं 'पाय-कन'. चिनी भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांनी १९३१ साली अशा आठ बोलींचं वर्णन प्रसिद्ध केलं. नंतर १९८३ मध्ये रिबेका ट्रायमन यांनी इंग्रजी बोलणाऱ्यांना मुद्दाम रचलेले नवे खेळ शिकवून पाहिले. सुरुवातीची व्यंजनं एकीकडे आणि स्वरापासून पुढचं सगळं दुसरीकडे असा तुकडा पाडणारे खेळ लोक लवकर शिकले. भलत्याच जागी तोडणारे खेळ त्यांना जड गेले. लाकडाला जशी रेषा असते तशी उच्चारालाही असते, आणि तिच्या बाजूनं फोडलं की तो सहज फुटतो.

पॅरिसचे खाटीक

चची भाषा भर घालते आणि हलवतेही, असं सुरुवातीला म्हटलं होतं. तिची सख्खी बहीण पॅरिसच्या खाटकांकडे आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात एक धंद्याची बोली रूढ झाली: पहिलं व्यंजन काढायचं, त्याच्या जागी ल बसवायचा, काढलेलं व्यंजन शेवटी न्यायचं आणि त्याला एखादं शेपूट लावायचं. खाटकाला फ्रेंचमध्ये 'बुशे' म्हणतात. ब काढला, ल घातला, ब शेवटी नेला, 'एम' जोडलं: लुशेबेम. हेच त्या बोलीचं नावही झालं. च-च्या जागी ल ठेवा, शेवटचं शेपूट सोडा, आणि ही ओळीनं ओळ आपलीच भाषा आहे. पोरांच्या या खेळाची आणि त्या खाटकांची कधी गाठ पडली असण्याचं काही कारण दिसत नाही. शब्द त्याच एका जागी उघडत असेल तर दोन निरनिराळी माणसं त्याच जागी बोट घालणार.

खाटकांची ही बोली मागे एक खूण ठेवून गेली. फ्रेंचमध्ये 'फू' म्हणजे वेडा. फ जाऊन ल आला, फ शेवटी गेला, झालं 'लुफ', त्याला आणखी शेपूट लागून 'लुफोक'. आज लुफोक हा साधा फ्रेंच शब्द आहे, अर्थ विक्षिप्त, चक्रम. तो मुळात एक वेशांतर होता याची तो वापरताना कोणाला आठवण होत नाही. लंडनच्या फेरीवाल्यांच्या उलट्या बोलीतही असंच झालं. 'बॉय' उलटा करून झालेला 'यॉब' इंग्रजीत राहून गेला, उद्धट पोरगा या अर्थानं. फ्रेंच तरुणांची व्हेर्लां ही बोली तुकड्यांची अदलाबदल करते. तिच्यात 'आराब'चं 'बर' झालं. ते सगळ्यांना कळायला लागलं, शब्दकोशातही गेलं, तेव्हा त्यांनी 'बर' पुन्हा एकदा उलटा केला. दोनदा उलटूनही मूळ शब्द परत आला नाही, कारण पहिल्या फेरीतच त्याचे काही स्वर झिजले होते.

अभ्यासकांच्या हाती काय लागलं

भाषेचा अभ्यास करणाऱ्याला नेहमी एक शंका छळते: मी कागदावर मांडलेले नियम बोलणाऱ्यांच्या डोक्यात खरोखर आहेत, की मीच ते तिथे बघतो आहे? हे खेळ त्या शंकेवर उपाय ठरले.

पनामातल्या कुना लोकांची एक उलटी बोली आहे, पहिला तुकडा उचलून शेवटी ठेवण्याची. जोएल शेर्झर यांनी १९७० साली तिच्यावर लिहिलं. 'तक्के' म्हणजे बघणं, ते उलट्या बोलीत 'केतक' होतं. एक क इकडे, एक क तिकडे. म्हणजे तो दणकट क बोलणाऱ्यांच्या लेखी दोन क मिळून झालेला आहे, आणि त्यांच्या मधून सुरी फिरते. मराठी 'पत्ता' असाच उलटून बघा. कान म्हणतो ता-पत्, लिपी म्हणते त्ता-प. शेर्झर यांना हेही दिसलं की काही शब्द निरनिराळी माणसं निरनिराळ्या प्रकारे उलटतात. अभ्यासक ज्या मुद्द्यावर वाद घालत बसतात त्या मुद्द्यावर बोलणाऱ्यांचंही एकमत नसू शकतं, हे त्यातून पुढे आलं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

सौदी अरबस्तानातल्या हिजाझच्या बदूंचा खेळ अरबी भाषेच्या मुळाशीच जातो. अरबी शब्द बहुतेक वेळा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. 'आम्ही ढकललं' या अर्थाच्या शब्दातली धातूची तीन व्यंजनं ते हव्या त्या क्रमानं फिरवतात. तिघांचे सहा क्रम होतात. एक मूळ, पाच वेशातले. पण 'आम्ही' हा अर्थ देणारा शेवटचा 'ना' जागचा हलत नाही. त्या प्रत्ययातही न हे व्यंजन आहे, तरी कोणी त्याला खेळात ओढत नाही. धातू कुठला आणि प्रत्यय कुठला हे व्याकरण न शिकलेल्या माणसालाही पक्कं ठाऊक असतं. जॉन मॅकार्थी यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अरबीबद्दलची आपली मांडणी करताना या खेळाचा पुरावा दिला.

कॅमेरूनमधल्या बाक्वेरी भाषेत सुराला अर्थ असतो. तोच शब्द उंच सुरात एक, खालच्या सुरात दुसरा. तिथल्या उलट्या बोलीवर जाँ-मारी ओंबेर यांनी १९७३ साली लिहिलं. पहिला तुकडा उंच, दुसरा खालचा असा शब्द उलटला तर काय व्हावं? तुकडे जागा बदलतात, सूर बदलत नाहीत. आता पुढे आलेला तुकडा उंच सुरात म्हटला जातो, मागे गेलेला खालच्या. सूर अख्ख्या शब्दावर पांघरलेला असतो आणि त्याखाली तुकडे सरकतात.

मराठीतही असा एक न सांगितलेला नियम सापडतो, आणि तो थेट च-मध्येच आहे. आपल्याकडे च दोन आहेत: 'चार'मधला आणि 'चाक'मधला. लिहिताना एक, बोलताना दोन. इकार आणि एकारापुढे मराठी जीभ बहुतेक 'चार'मधलाच च लावते. आता मीचं चीम करा, वेळचं चेळव करा. हे शब्द कोणत्याही कोशात नाहीत, कोणी तुम्हाला त्यांचा उच्चार शिकवलेला नाही. तरी 'चाक'मधला च तिथे लावून बघा, जीभ अडते. 'दार'च्या 'चारद'मध्ये मात्र दोन्ही च शक्य आहेत आणि तिथे तुमच्या टोळीची सवय ठरवते.

स्वरानं सुरू होणाऱ्या शब्दांशी चची भाषा कशीबशी तडजोड करते, कारण तिथे हद्दपार करायला व्यंजनच नसतं. पण तिची पूर्ण हार होते ती च-नं सुरू होणाऱ्या शब्दांपुढे. च काढायचा, त्याच्या जागी च घालायचा, काढलेला च शेवटी जोडायचा. चमचाचं होतं चमचाच. चटईचं चटईच. मूळ शब्द जसाच्या तसा उभा, आणि मागे मराठीतलं ठासून सांगणारं ते नेहमीचं 'च'. मध्ये बसलेल्या तिसऱ्या माणसाला इतका वेळ एकही शब्द लागलेला नसतो, आणि अचानक त्याला लख्ख मराठीत ऐकू येतं: चावीच.